सासूवर चढलेली चिंबोरी

धाकट्या संपदाचं लग्न झालं ते २०२३ साल. मोठी घरात असताना धाकटीला हळद लागली, म्हणून भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या बायका मांडवात एकमेकींना कोपरं मारत होत्या. मोठी, म्हणजे निशिगंधा, मांडवाच्या खांबाला टेकून मजेत वडे खात होती.

"तुझा नंबर कवा गो?" एका काकीने विचारलंच.

"टोकन घेतलंय, काकी. पण खिडकीच उघडत नाही."

काकी हसली, बाकीच्या हसल्या, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गोवर्धन म्हात्रेचा चेहरा उतरला. निशिगंधाचा बाप. एकेकाळी घराची मिठागरं होती, आता रेती-सिमेंटचं दुकान होतं. गावात शब्दाला वजन होतं, पण थोरल्या मुलीपुढे त्या वजनाचं काही चालत नसे.

मुलींची आई त्या लहान असतानाच गेली होती. दोघींना वाढवलं ते गोवर्धनच्या थोरल्या बहिणीने, शांताबाईने. शांताआत्या मोरव्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो ते म्हणतोच. पण धवलारीण बसते, देवांना नावानिशी हाका मारून मांडवात बोलावते, धवले गाते, तेव्हा कुठे हळद चढते. जुनी माणसं सरळ सांगतात, धवला नाही तर लग्न नाही. शांताआत्याचा आवाज आता घोगरा झाला होता, मध्येच दमही लागे. तरी संपदाच्या हळदीला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली, आणि एक ओळ गाळली नाही.

निशिगंधा अठ्ठावीस वर्षांची होती. मीरा रोडला चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची, दांड्यांचे मुंगीएवढे स्क्रू बसवायची. पूनम सागर सोसायटीतल्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा परदेशी गेला, तेव्हा त्याची एक गाडी तिने विकत घेतली. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, जाड मऊ रबरी चाकांची. रॉक क्रॉलर म्हणतात तिला. ही गाडी धावत नाही. दगडांवर चढते... सावकाश, एकेक चाक चाचपत, पोटुशी बाई जिना चढते तशी.

"पोरी या वयात मूल खेळवतान, ही गारी खेळवते," गोवर्धन म्हणायचा.

"गाडी रात्री रडत नाही, बाबा," निशिगंधा म्हणायची.

*

संपदा सासरी गेल्यावरचा, त्याच वर्षीचा फाल्गुन. दुकानाला सुट्टी होती. निशिगंधा भाईंदरच्या धक्क्यावर आली. तिथे खाडीच्या कडेला टाकलेल्या काळ्या दगडांचा ढीग तिला फार आवडायचा. वारा खारट होता, कुठेतरी बोंबील वाळत होते, आणि त्या वासात आणखी एक तिखट वास मिसळला होता — नाव दुरुस्त करायच्या रेझिनचा.

गाडी शेवटच्या दगडावर अडली. मागचं डावं चाक हवेत लटकलं आणि भिंगरीसारखं फिरू लागलं. उजवं चाक दगडावर घट्ट टेकलेलं, पण ते हलेना. निशिगंधाने बटण आणखी दाबलं. गाडी कलली... आणि दोन कोलांट्या घेऊन खाली गेली.

खाली एक नाव पालथी ठेवलेली होती. तिच्या पोटाला नुकताच रेझिनचा ओला थर दिलेला. गाडी नेमकी त्यावर पडली, चाकांवर उभी राहिली, आणि घाबरून बटण दाबलेलं राहिलं म्हणून तशीच चालत गेली. नावेच्या पोटावर चाकांच्या दोन लांब रांगा उमटल्या.

नावेमागून एक माणूस उभा राहिला. उंच, सावळा, कोपरापर्यंत रेझिनने माखलेला. त्याने गाडी उचलली आणि खेकडा धरावा तशी उलटी धरून पाहिली.

"ही कोणाची चिंबोरी?"

"माझी," निशिगंधा दगडांवरून उतरत म्हणाली. "आणि चिंबोरी नाही ती. क्रॉलर आहे."

"चार पाय, दगडात फिरते, पडली तर उलटी पडते. चिंबोरीच."

"चिंबोरीला पाय किती असतात ते माहीत नाही, आणि कोळी म्हणवता?"

तो हसला. "मी कोळी आहे हे कसं कळलं?"

"चूक कबूल न करता हसलात, त्यावरून."

"आणि माझी सकाळची मेहनत तुमच्या चाकांखाली गेली, ते कोण कबूल करणार?"

निशिगंधाने नावेकडे पाहिलं. मग पायजम्याचे पाय वर दुमडले. "सँडपेपर द्या. मी घासून देते. घासायचंच काम करते मी."

तो प्रणय कोळी. धक्क्याजवळच्या जुन्या वस्तीत राहायचा. आईचा, पुष्पलताचा, बाजारात मासळीचा ओटा होता. तो फायबरच्या नावा दुरुस्त करायचा. त्या दुपारी रेझिन सुकेपर्यंत दोघं दगडावर बसले, सुकल्यावर घासायला लागले. घासता घासता त्याने विचारलं, "ते एक चाक हवेत एवढं फिरत होतं, तर दुसरं का नाही फिरलं?"

"डिफरन्शियल," ती म्हणाली. "दोन चाकांच्या मधे गिअर असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं ना, आतल्याला कमी. तेवढी मोकळीक ते गिअर देतात. पण दगडावर त्याची खोड अशी की जे चाक हवेत, ज्याला काही भार नाही, सगळी ताकद त्याच्याकडे पळते. ज्याच्यावर भार आहे ते बसून राहतं."

"म्हणजे ज्याला काम नाही तो जोरात, आणि ज्याच्या खांद्यावर ओझं त्याला काही नाही," प्रणय म्हणाला. "आमच्या मच्छीमार सोसायटीचं मंडळ पण असंच चालतं."

निशिगंधाला हसू फुटलं. एवढं, की हातातला सँडपेपर निसटून खाडीत गेला.

"मग यावर उपाय?"

"लॉक करायचं. मधले गिअर असे घट्ट बसवायचे की दोन्ही चाकं कायम बरोबरच फिरली पाहिजेत. एक हवेत गेलं तरी दुसरं ओढणार."

"आणि वळायचं झालं तर?"

"त्रास होतो. गाडी हट्ट करते."

प्रणयने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "मालकिणीसारखी," तो म्हणाला.

*

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी निशिगंधा धक्क्यावर असायची, आणि प्रणयला नेमकं त्याच दिवशी दगडांच्या बाजूचं काम निघायचं. गाडीचं नाव चिंबोरीच पडलं. तो तिच्या चाकांखालचे शिंपले बाजूला करायचा, ती त्याला म्हणायची, "असू दे, रस्ता सोपा करू नकोस." पावसाळ्यात नावा वर ओढल्या गेल्या, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती, तरी ती आली की तो हातातला ब्रश टिनात ठेवून चहा सांगायचा. बोलणं कमी व्हायचं. तो रेझिनचे डाग नखाने खरवडत बसायचा, ती बघत बसायची. एकदा त्याच्या भुवईवर डाग राहिला होता. तिने रुमाल पुढे केला... आणि मग हातात न देता स्वतःच पुसला. दोघंही नंतर बराच वेळ खाडीकडे बघत राहिले, जणू तिथे काही चाललं होतं.

हिवाळ्यात, जानेवारीत, चेण्याच्या नदीच्या पात्रात क्रॉलरवाल्यांचा मेळा भरायचा. ठाण्याची, वसईची, मीरा रोडची माणसं आपापल्या गाड्या घेऊन येत. पात्रात एक गुळगुळीत, पोट पुढे काढलेला काळा दगड होता. त्याच्यावर कोणतंही चाक एकदा तरी हवेत जायचंच. त्याला सगळे सासू म्हणत. गेल्या वर्षी निशिगंधाची चिंबोरी सासूच्या पायाशीच पडली होती. या वर्षी चढायचंच, असं तिने ठरवलं होतं. आणि त्यासाठी डिफरन्शियल लॉक करायचं होतं.

"हॉट ग्लू भरणार आहे मी," ती म्हणाली.

"ग्लू?" प्रणयला अपमान झाल्यासारखं वाटलं. "आमच्या रेझिनवर नाव तुफानात टिकते, आणि तू ग्लू भरतेस? आण इकडे. मी करतो."

"पण तू हे केलेलं नाहीस कधी."

"नावेपेक्षा मोठं आहे का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर एवढी हौस होती, की तिने मागच्या चाकांचा एक्सल उघडून त्याच्या हातात दिला.

त्याने नावेला देतात तसं रेझिन कालवलं. थंडीत लवकर आवळत नाही म्हणून नेहमीच्या सवयीने हार्डनर थोडं जास्त घातलं, आणि एक्सलमधली, गिअर बसतात ती लहानशी प्लास्टिकची वाटी काठोकाठ भरली. नावेवर रेझिन पातळ पसरतं, अंगातली गरमी वाऱ्यावर सोडून देतं. इथे त्याचा गोळा झाला होता. आधी नुसता कोमट वास आला. मग धूर. मग वाटीचं प्लास्टिक डोळ्यांदेखत मेणासारखं वाकलं. प्रणयने ती पाण्यात टाकली, तर आतला गोळा तडतड करून फुटला. गिअर तिरके होऊन त्यात अडकले होते.

निशिगंधाने वाकून एक गिअर नखाने हलवून पाहिला. तो हलला नाही.

"पातळ थर लावायची सवय गं... गोळा कधी भरला नव्हता," प्रणय म्हणाला.

"मी म्हटलं होतं."

"नावेला तर—"

"ही नाव नाही, प्रणय! प्रत्येक गोष्ट नाव नसते!" तिने उरलेली गाडी पिशवीत टाकली. "घरी सगळे मला सांगतात, आण इकडे, आम्ही करतो. तू पण तेच केलंस."

ती गेली. तो वाकडी वाटी हातात धरून उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. स्वच्छ आंघोळ केलेलं, इस्त्रीचा शर्ट. मालकाने हाक मारली, "निशिगंधा, जरा बघ, हे म्हणतायत जवळचं दिसत नाही."

ती बाहेर आली. समोर प्रणय.

"किती दिवसांपासून?" तिने गंभीरपणे विचारलं.

"लक्षात आत्ता आलं. तू समोर बसून सांगत होतीस आणि मला नुसती गाडी दिसत होती." त्याने काउंटरवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. नवी वाटी, नवे गिअर. "मुंबईला जाऊन आणलं. पण हात मी लावणार नाही. तू कर. मी टॉर्च धरतो."

निशिगंधाने कागद उघडून दात तपासले. मग डोळे न उचलता म्हणाली, "रविवारी. टॉर्चची बॅटरी चांगली आण."

रविवारी त्याच्या शेडमध्ये तिने गिअर पेट्रोलमध्ये धुतले. दाताच्या ब्रशने एकेका दातातलं ग्रीस काढलं. ग्रीस राहिलं तर काहीच धरत नाही. मग पुट्टी मळली, गोळ्या करून दातांच्या मधे दाबून दाबून बसवली, आणि सुकायला ठेवली. प्रणय टॉर्च धरून उभा होता. टॉर्चचा उजेड गिअरवर कमी आणि तिच्या बोटांवर जास्त पडत होता.

"उजेड इकडे," ती म्हणाली.

"तिकडेच आहे."

"माझा हात लॉक करायचा नाहीये."

"विचार कर," तो म्हणाला, आणि दोघांचेही कान लाल झाले.

मागचं झालं. तिने पुढचा एक्सल उघडला.

"पुढचं पण?" प्रणय म्हणाला. "पुढचं मोकळं ठेव. वळायला लागेल ना कधी."

"लागलं तर मागे येईन आणि मग वळेन. पण चढताना मला कुठलंच चाक नुसतं फिरायला नकोय."

त्याने उजेड नीट धरला.

*

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात गोवर्धनने जेवताना जाहीर केलं, "रविवारी पाव्हने येतान. नायगावचा पोरगा हाय, केतन. घरचा टेम्पोचा धंदा. साडी नेस."

"रविवारी मी चेण्याला जातेय, बाबा. सहा महिन्यांपासून सांगतेय."

"गारी दगडावर चढवाला?"

"हो."

"त्यासाठी पाव्हन्यांना परत पाठवू?"

"तुम्ही नका पाठवू. मी सांगते."

आणि तिने खरंच सांगितलं. केतनचा नंबर काढून सरळ फोन केला. म्हणाली, तुमचं काही चुकलेलं नाही, पण मला विचारून हा दिवस ठरलेला नाही, मी घरी नसेन, उगाच फेरा पडेल. पलीकडून केतन म्हणाला, "ताई, बरं झालं. मला पण मॅच होती."

रविवारी उन्हं वर यायच्या आत ती प्रणयच्या मागे बाइकवर बसून चेण्याला पोहोचली. पात्रात पाणी घोट्याएवढं, दगड अजून गार. गाड्या एकेक करून सासूवर जात होत्या आणि एकेक करून पडत होत्या. ठाण्याचा एकजण मात्र झपझप चढून गेला. त्याला टाळ्या मिळाल्या.

निशिगंधाची पाळी आली. चिंबोरी सासूच्या पोटाशी लागली, आणि मागून स्कूटरचा हॉर्न वाजला.

गोवर्धन आला होता. त्याच्या मागे, स्कूटरवर एका बाजूला बसलेली, पदर डोक्यावर घट्ट ओढलेली शांताआत्या.

"मी हिला आनत नव्हतो," गोवर्धन चिडून म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही. "ही ऐकतच नाय."

"मना बी बघाचा होता," आत्या म्हणाली. "सासू कनची ती."

"निशी, घरी चल," गोवर्धनचा आवाज पात्रात घुमला. माणसं वळून बघू लागली. "पाव्हन्यांपुढे माझं नाक कापलंस. चल."

निशिगंधाने मान वळवली नाही. अंगठा बटणावर होता. "गाडी मधेच आहे, बाबा."

"गारी ठेव ती!"

"मधे ठेवली तर पडते."

चिंबोरीने पुढची दोन चाकं दगडावर टेकवली. रबर दबलं. मागचं डावं चाक वर उचललं गेलं, हवेत, जसं सगळ्यांचं जात होतं तसं. बघणारे पुढे सरकले. पण ते चाक भिरभिरलं नाही. सावकाश, उजव्याच्या बरोबरीने फिरत राहिलं. उजव्याने दगड पकडला. गाडी बोटभर वर गेली. पुन्हा बोटभर. वरच्या अंगाला एक खाच होती, तिथे डावीकडे वळावं लागे. चिंबोरीने वळायला नकार दिला. पुढची चाकं कुरकुरली, गाडी दगडाच्या कडेकडे सरकली.

प्रणयने ओठ आवळून धरले. तो म्हणाला होता की पुढचं मोकळं ठेव. आता एकदाही म्हणाला नाही.

निशिगंधाने गाडी मागे घेतली. अगदी थोडी. परत पुढे. परत मागे. तिसऱ्या वेळी नाक खाचेत शिरलं, चारही चाकं एकदम फिरली, आणि चिंबोरी सासूच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

शिट्ट्या वाजल्या. प्रणयने हवेत मूठ उडवली आणि पाण्यात घसरून बसकण मारली. शांताआत्या तोंडाला पदर लावून हसत होती.

"आता चल," गोवर्धन म्हणाला. मग त्याची नजर पाण्यातून उठणाऱ्या माणसावर गेली. "हा कोन?"

निशिगंधाने रिमोट बंद केला. वळली. बापाच्या डोळ्यांत बघून बोलली. "हा प्रणय. भाईंदरच्या धक्क्यावर नावा दुरुस्त करतो. कोळी आहे. मी याच्याशी लग्न करणार आहे."

ठाण्याच्या माणसाने आपली गाडी बंद केली.

"अगं..." प्रणय ओल्या पँटने उभा होता. "मला... विचारलंस तरी का?"

"आता विचारते. करशील?"

"चारचौघांत?"

"सगळ्यांना लपवून विचारायला मी काय चोरी करतेय?"

त्याने केसांतलं पाणी झटकलं. हसू त्याच्याने आवरेना. "फाल्गुनापासून करतोय. मनात."

"मग झालं," निशिगंधा म्हणाली. मग ती चिंबोरी उतरवायला सासूकडे वळली.

*

गोवर्धन मुलीला मारणारा, डांबून ठेवणारा बाप नव्हता. तो अडवणारा बाप होता. "संपदाच्या सासरी काय सांगू? म्हात्र्यांनी पोर कोल्यात दिली?" असं म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली. मोरवा, राई, मुर्धा — जिथे जिथे धवलारीण होती तिथे गेला आणि प्रत्येकीकडून शब्द घेतला, की या लग्नात कोणी गायचं नाही. घरून मांडव नाही, हळद नाही. सगळ्यात शेवटी, जेवणाच्या पानावर, त्याने बहिणीला सांगितलं.

"आक्का, तू पन नाय."

शांताआत्या भात कालवत होती. कालवत राहिली.

निशिगंधाने दोन पिशव्या भरल्या आणि संपदाकडे राहायला गेली. संपदाच्या सासूने दार उघडून एवढंच विचारलं, "कोंबडी खाशील ना आज?" गोवर्धनला जिची भीती होती ती सासू ही.

पुष्पलता, प्रणयची आई, पहिल्या भेटीत तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाली, "आगऱ्याची पोर. मासं साफ करता येतं का?"

"येतं. पण तुमच्याएवढं भराभर नाही."

"माझ्याएवढं भराभर बाजारात कोणालाच येत नाही," पुष्पलता खूश होऊन म्हणाली. मग आवाज उतरवून, "आमची धवलारीन हाय गो. पन ती आमच्या देवांना बोलवील. तुझ्या घरच्या देवांना हाक मारनारं कोनी नको का? नायतर पोर उचलून आनल्यासारखं वाटंल."

"नसेल कोणी तर मी तशीच येईन," निशिगंधा म्हणाली. "पण येईन."

ती असं म्हणाली खरी. रात्री संपदाच्या कुशीत शिरून मात्र ती रडली. बाप नसला तरी चाललं असतं. पण आत्याच्या आवाजाशिवाय हळद, ही गोष्ट तिच्या कल्पनेत बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रणय म्हणाला, "थांबायचं का? वर्षभर? बाबा मानतील."

"नाही. आज त्यांच्यासाठी थांबले तर पुढे प्रत्येक गोष्टीत थांबावं लागेल."

माघात, कोळ्यांच्या मांडवात, हळदीचा दिवस आला. वराच्या बाजूला बायकांची गर्दी, बेंजोचा आवाज, वाट्यांमध्ये हळद. वधूच्या बाजूला चटई अंथरलेली आणि तिच्यावर एकटी संपदा. निशिगंधा पाटावर बसली, पाठ ताठ. पुष्पलताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरू करूया का गो?"

"करा."

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग शांताआत्या. पांढरं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, जसा ती प्रत्येक लग्नाला माळायची. चटईपर्यंत येईतो तिला दोनदा थांबावं लागलं. बेंजोवाला आपणहून थांबला.

"आत्या... बाबांनी?"

"त्याला सांगून आली. घाबरतंय काय मी त्याला? त्याचं नाक मी पुसलंय." ती बसली, दम घेतला. "देव काय आगरी-कोली बघून येतान? मी हाक मारली का येतान. पानी दे मना."

पाणी प्यायली आणि गायला लागली. घराच्या देवांना, मिठागराच्या देवाला, वेशीवरल्या देवीला, निशिगंधाच्या मेलेल्या आईला, एकेकाला नावाने हाक मारली. दम लागला की थांबायची, सगळा मांडव तिच्याबरोबर थांबायचा, मग तिथूनच पुढे. मध्येच कोळ्यांची धवलारीण उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. आत्याचा श्वास तुटला की ती ओळ धरून ठेवायची, आत्या परत येऊन ती उचलायची. हळद चढली. निशिगंधाच्या गालांवर हळद आणि पाणी एक झालं. समोर प्रणय पिवळ्या तोंडाने बसला होता आणि तिच्याकडे असा बघत होता, की पुष्पलताने त्याच्या डोक्यात टपली मारली.

"उद्या ने तिला. आज गप बस."

आत्या त्याच संध्याकाळी रिक्षाने मोरव्याला परतली. हातावरची हळद धुतली नाही. घरात शिरून, भावाच्या समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, "चाय ठेव, गोवर्धना. घसा बसलाय."

गोवर्धनने तिच्या हातांकडे बघितलं. मग उठला आणि चहा ठेवला. लग्नाला तो आला नाही.

निशिगंधानेही माफी मागितली नाही. ती नव्या घरातून त्याच दुकानात काचा घासायला जायची, सुट्टीच्या दिवशी प्रणयबरोबर दगडांवर. दर सोमवारी ती मोरव्याला जाऊन पडवीत आत्याजवळ बसायची, बाप आत असला तरी. एप्रिलमधल्या एका सोमवारी आतून आवाज आला, "तिला सांग, ऊन हाय, आत बस." तिने ऐकलं. "मी एकटी नाही बसणार आत," ती मोठ्याने म्हणाली. "पुढच्या वेळी दोघं येऊ." आत चहाचं भांडं खडखडलं.

त्या अक्षय्य तृतीयेला मोरव्यात दोन लग्नं होती. दोन्हीकडून शांताआत्याला बोलावणं आलं आणि ती दोन्हीकडे गायली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धनने फोन केला तो मुलीला नाही, प्रणयला. म्हणाला, "जावईबापू, तिला घेऊन या. दोघं या."

शांताबाई म्हात्रे, मोरव्याची धवलारीण, त्याच दिवशी, शनिवारी, ११ मे २०२४ रोजी पहाटे झोपेत गेली होती.